सेंडऑफची वर्गणी

१९७५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांतून एकाच वेळी दोन वर्ग बाहेर पडले. एक जुन्या अभ्यासक्रमाची अकरावी आणि दुसरी नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी. दोघांनी एकाच हंगामात शालान्त परीक्षा दिली. खालच्या वर्गानं वरच्या वर्गाला निरोप द्यायचा, हा शाळाशाळांतला रिवाज. तो पाळायचा तर त्या वर्षी नववीच्या पोरांना दोन-दोन वर्गांच्या चहा-चिवड्याची सोय करायची होती.

त्याच वर्षी ३१ मे रोजी अमेरिकेत व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये एका मुलींच्या शाळेचा प्रॉम झाला. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची मुलगी सुझन मेरीलँडमधल्या हॉल्टन-आर्म्स शाळेत शेवटच्या वर्षाला होती. तिच्या वर्गाचा हा नाचाचा निरोपसोहळा थेट राष्ट्राध्यक्षांच्या घरी झाला. फोर्ड दांपत्य तेव्हा युरोपच्या दौऱ्यावर होतं. व्हाइट हाउसमध्ये असा कार्यक्रम होण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्याचा खर्च मुलींनी स्वतः जमवलेल्या पैशांतून केला होता.

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेची पत्र्याची खोली आणि ईस्ट रूमची झुंबरं यांच्यात १९७५ साली साम्य होतं ते एवढंच: दोन्हीकडे पोरापोरींनी वर्गणी काढली होती. पुढच्या पन्नास वर्षांत मात्र इकडचा सेंडऑफ हळूहळू तिकडच्या प्रॉमच्या अंगानं जात राहिला. हे कसं झालं ते पाहायचं तर नाचगाणी आणि कपडे बाजूला ठेवून आधी वर्गणीचा माग काढावा. ती किती वाढली यापेक्षा ती कुठे गेली, यात सगळा इतिहास आहे.

मॅट्रिकचं अप्रूप

भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. त्याआधीचा तो मध्य प्रांत आणि वऱ्हाड. हायस्कुलं मोठ्या गावांतच. भंडारा शहरातली आजची लाल बहादूर शास्त्री शाळा जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'मन्रो'च आहे. खेड्यातला पोरगा चौथी शिकला तरी घरचे खूश असत, मिडल झाला तर मास्तर व्हायची आशा धरत. मॅट्रिकपर्यंत जायचं म्हणजे नातेवाइकाच्या पडवीत राहायचं, हातानं भात रांधायचा आणि सुट्टीत पायी गावी यायचं. सारा धानाचा मुलूख. रोवणी आणि कापणीच्या दिवसांत पोराचे हात घरी लागत. त्यामुळे अकरावीपर्यंत टिकलेली मुलं थोडी आणि मुली तर बोटांवर मोजण्याएवढ्या.

अशा वर्गाचा निरोप म्हणजे एक खोली, एक सरस्वतीची तसबीर, हार, नारळ, उदबत्ती आणि मोठ्या गुरुजींचं भाषण. भाषणात चारित्र्य असे, देश असे आणि शेवटी हमखास पेपर कसा लिहावा हे असे: समास सोडा, प्रश्नाचा क्रमांक नीट घाला, आसन क्रमांक तपासा. जाणाऱ्यांपैकी एक जण बोलायला उभा राहायचा आणि पाठ केलेल्या चार ओळींनंतर त्याचा आवाज बसायचा. मग रद्दीच्या कागदावर चिवडा आणि बुंदी, कपात चहा.

त्या कार्यक्रमातली खरी चैन म्हणजे फोटो. शहरातला फोटोग्राफर तिपाई घेऊन यायचा. पुढच्या रांगेत खुर्च्या, मधोमध मोठे गुरुजी, दोन्ही बाजूंना मास्तर. मुली असल्या तर खुर्च्यांच्या कडेला किंवा पुढे सतरंजीवर. मागे मुलं उभी, त्यांच्या मागची बाकांवर. सर्वांत पुढे एक पाटी, तिच्यावर खडूनं शाळेचं नाव आणि साल. काळ्या कापडात डोकं घालून फोटोग्राफर 'हलू नका' म्हणायचा आणि सगळे असे ताठ व्हायचे की त्या फोटोत हसरा चेहरा शोधून सापडत नाही. फोटो काढला जायचा सगळ्यांचा, पण प्रत घ्यायची ऐपत मोजक्यांची. ज्यांनी घेतली नाही त्यांचेही चेहरे दुसऱ्यांच्या घरच्या भिंतीवर राहिले. त्या काळच्या खर्चाचा हा सर्वांत मोठा आकडा आणि तोही ऐच्छिक.

साठच्या दशकात चित्र बदललं. १९५८ साली मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. ते वेगळं झालं १ मे १९९९ रोजी. संस्थेनं मोठ्या गावांत हायस्कुलं आणि महाविद्यालयं उभी केली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि शाळा चालवणं हे त्यांचं मोठं काम झालं. पवनी, लाखांदूर, साकोली, मोहाडी या बाजूच्या खेड्यांतली मुलं आता घरी राहून, सायकलवर किंवा एसटीनं हायस्कूल गाठू लागली. पुढे अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना एसटीचा पास फुकट झाला आणि वर्गात मुलींचे बाक वाढले. सेंडऑफ शहरातून खेड्यात आला तो या वाटेनं. ज्या घरात आधी कुणी मॅट्रिक नव्हतं, त्या घरातून पोरगी जायची, आईकडून वर्गणीचे सुटे पैसे मागून.

भिंतीवरचं घड्याळ

या काळात कार्यक्रमाची एक घडी बसली. नववीचा वर्ग यजमान, दहावीचा पाहुणा. वर्गणी दोघांनी काढायची. नववीच्या वर्गणीतून खाऊ, हार आणि मास्तरांचे नारळ. दहावीच्या वर्गणीतून शाळेला भेट. ही भेट त्या सगळ्या समारंभाचा कणा होती.

जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या शाळेच्या कार्यालयात जाऊन वर पाहिलं तर ती अजून दिसते. लाकडी चौकटीचं भिंतीवरचं घड्याळ, काचेच्या खालच्या अंगाला पांढऱ्या किंवा लाल रंगात वळणदार अक्षरं: सन अमुक-अमुकच्या इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट. अक्षरं गावातल्याच पेंटरनं काढलेली, जो पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा आणि निवडणुकीत भिंती. शेवटी शेवटी जागा पुरत नसल्यानं 'भेट'मधला 'ट' कडेला दबलेला. काटे कित्येक वर्षं बंद असले तरी घड्याळ कुणी उतरवत नाही.

घड्याळाच्या आधी तसबिरी होत्या: सरस्वती, गांधी, शिवाजी महाराज, डॉ. आंबेडकर. घड्याळानंतर छताचे पंखे आले. पंख्याच्या पात्यांवर नाव काढलेलं असे आणि पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नसे. मग पाण्याची टाकी, स्टीलचे ग्लास, गॅदरिंगसाठी पडदा, माइकचा स्टँड. भंडारा पितळी भांड्यांसाठी जुन्यापासून प्रसिद्ध. त्यामुळे कुठे पितळेची समईही. वस्तू काय द्यायची यावर वर्गात आठवडाभर वाद होई. मागच्या वर्षीच्या बॅचनं पंखा दिला तर आपण काय द्यायचं? स्पर्धा तेव्हाही होती. फक्त ती शाळेच्या भिंतीवर लागत असे.

या भेटीमागचा हिशेब साधा होता. जाणारा वर्ग मागून येणाऱ्यांसाठी काहीतरी ठेवून जातो. दहावीत नापास झालेला पोरगाही त्या घड्याळाचा भागीदार असे, कारण वर्गणी निकालाआधी काढलेली असे. ज्यांनी वर्गणी भरली नाही त्यांची नावंही काचेवर वेगळी नसत. 'इयत्ता दहावी' या दोन शब्दांत सगळे येत.

फिशपाँड, टेप आणि स्लॅमबुक

ऐंशीच्या दशकात सेंडऑफला गॅदरिंगची हवा लागली. फिशपाँड ही मुळात स्नेहसंमेलनाची गंमत. जुन्या पिढीत तिला शेलापागोटे म्हणत. चार दिवस आधी मास्तरांच्या खोलीबाहेर पुठ्ठ्याचं खोकं ठेवायचं. ज्याला ज्याच्यावर काही लिहायचं त्यानं निनावी चिठ्ठी टाकायची. कार्यक्रमाआधी एक मॅडम आणि एक सर त्या चिठ्ठ्या चाळायचे आणि निम्म्या फाडून टाकायचे. रोज उशिरा येणाऱ्या मुलाला 'तुमसर-भंडारा लाल डबा: सुटायची वेळ ठरलेली, पोचायची देवालाच ठाऊक' अशी चिठ्ठी निघाली की सभागृह डोक्यावर. एखाद्या मुलीवरची 'वरठी स्टेशन: गाड्या सगळ्या पाहते, थांबू देते एखादीच' अशी चिठ्ठी मात्र मॅडमच्या हातातच मरायची. मुलं आणि मुली दहा फुटांच्या अंतरानं बसलेली असत. वर्षभर एकमेकांशी न बोललेल्या त्या दोन बाजू या चिठ्ठ्यांमधून पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा काय ते बोलत. या सगळ्याला खर्च येई तो एका खोक्याचा.

मग सिनेमा आला. १९८८ च्या 'कयामत से कयामत तक'मध्ये आमिर खान कॉलेजच्या निरोपसमारंभातच गिटार घेऊन गातो. ते दृश्य पाहिलेल्या पिढीला निरोपात गाणं असलंच पाहिजे असं वाटू लागलं. मंडईच्या जत्रेला आणि बैलांच्या पटाला भाड्यानं लागणारा लाउडस्पीकर शाळेत आला, टेप आला. १९९९ मध्ये गायक केके यांचा 'पल' हा अल्बम निघाला आणि त्यातली मैत्रीची, आठवणींची गाणी पुढची कित्येक वर्षं देशभरच्या निरोपसमारंभांची ठरीव गाणी झाली. मोठ्या गुरुजींचं भाषण आता गाण्यांच्या मधल्या जागेत गेलं.

स्वाक्षरीची वही याच काळात पालटली. आधी ती छोटी, मास्तरांच्या सहीसाठीची; सर एक सुविचार लिहून देत. नव्वदीत तिची स्लॅमबुक झाली: रंगीत पानं, आवडता हीरो, आवडता रंग, माझ्याबद्दल तुझं मत. ती स्टेशनरीच्या दुकानात मिळायची आणि प्रत्येकाची वेगळी असायची. वर्गणीच्या बाहेरचा, ज्याचा त्याचा असा खर्च सेंडऑफमध्ये शिरला तो या वहीच्या रूपानं. रक्कम छोटी, पण दिशा बदलली. ज्याच्याकडे स्लॅमबुक नव्हतं तो दुसऱ्यांच्या वह्या भरत बसला.

तिकडे काय झालं

अमेरिकेतला प्रॉमही असाच लहान सुरू झाला होता. त्याचा जुना उल्लेख १८९४ चा, एका कॉलेज विद्यार्थ्याच्या रोजनिशीतला. तेव्हा तो कॉलेजातल्या सभ्य मुलामुलींचा चहापाण्याचा, शिस्तीचा मेळा होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तो हायस्कुलांत उतरला आणि शाळेच्या व्यायामशाळेत, कागदी पताका लावून होऊ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्गाच्या हाती पैसा खेळू लागला तसा तो हॉटेलांच्या सभागृहांत गेला. मग भाड्याचे सूट, नवे गाउन, फुलांचे गुच्छ, लांबलचक लिमोझीन गाड्या.

त्या झगमगाटात एक काळी बाजू होती. दक्षिणेतल्या काही गावांत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एक झाल्या तरी प्रॉम वेगवेगळेच होत राहिले. मिसिसिपीतल्या चार्ल्सटन गावात दोन्ही वर्णांच्या मुलांचा पहिला एकत्र प्रॉम झाला तो २००८ साली. त्याचा खर्च करायची तयारी अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांनी १९९७ मध्येच दाखवली होती. ती स्वीकारायला गावाला अकरा वर्षं लागली.

खर्चाचा आकडाही बोलका आहे. २०१५ मध्ये व्हिसा कंपनीनं केलेल्या पाहणीत अमेरिकी कुटुंबाचा एका प्रॉमवरचा सरासरी खर्च ९१९ डॉलर निघाला, म्हणजे तेव्हाच्या दरानं अठ्ठावन्न हजार रुपयांच्या आसपास. त्यातले ३२४ डॉलर तर केवळ 'माझ्याबरोबर प्रॉमला येशील का' हे थाटात विचारण्यावर. आणि त्याच पाहणीत दिसलं की कमी उत्पन्नाची कुटुंबं जास्त उत्पन्नाच्या कुटुंबांपेक्षा अधिक खर्च करत होती. हे वाचून हसू येतं, पण भंडाऱ्याच्या माणसानं फार हसू नये. पोराला चारचौघांत कमी वाटू नये म्हणून कर्ज काढणारा बाप दोन्ही देशांत सारखाच आहे.

साडी, ब्लेझर आणि बेचाळीस किलो धान

दोन हजार सालानंतर सेंडऑफमध्ये साडी आली. सुरुवातीला ती आईची किंवा मावशीची. सकाळी शेजारची वहिनी येऊन निऱ्या घालून द्यायची, पदराला सेफ्टी पिनांची रांग. अंगावर दोन माप मोठं पोलकं, टाचण्यांनी आवळलेलं. शाळेच्या गेटातून शिरताना मुली एकमेकींकडे पाहून लाजायच्या, आणि सरही क्षणभर ओळखायचे नाहीत. त्या साडीला खर्च नव्हता. उलट आईच्या पेटीतली जपलेली साडी एक दिवस लेकीच्या अंगावर जाई, यात आईचाच आनंद जास्त.

मुलांना साडीसारखा घरातला पर्याय नव्हता. बापाच्या पेटीत कोट असणार तरी कुठून? म्हणून मुलांनी ब्लेझर भाड्यानं आणले. नागपूर साठ किलोमीटरवर. सीताबर्डीत जे विकतात ते चार महिन्यांत भंडाऱ्याच्या दुकानात आणि सहा महिन्यांत साकोलीत. सीबीएसईच्या शाळांत अकरावीनं बारावीला निरोप द्यायची वेगळी पद्धत होती: खांद्यावरून पट्टा घातलेले 'मिस्टर फेअरवेल' आणि 'मिस फेअरवेल', रॅम्पवरची चाल, परीक्षक. ती पद्धत मराठी शाळांतही झिरपली. मग मुलींची साडी आईच्या पेटीतून निघायची थांबली आणि सगळ्या मैत्रिणींची एका रंगाची नवी साडी ठरू लागली. ज्या मोहाडी-आंधळगावच्या मागांवर कोसा विणला जातो, त्याच तालुक्यातल्या मुलींच्या अंगावर मोबाइलवरून मागवलेली चमकी आली. कोसा परवडणारा नाही, हे त्यामागचं सरळ कारण.

२०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि निरोपसमारंभाला प्रेक्षक बदलला. आधी तो शाळेच्या आवारातल्या माणसांसाठी होता. आता तो बाहेरच्यांना दिसायचा होता. म्हणून फुलांची कमान लावलेला सेल्फी पॉइंट, म्हणून आदल्या दिवशी मेंदी आणि सकाळी पार्लर, म्हणून ठरवून केलेला प्रवेश आणि त्याची रील. काही खासगी शाळांचे कार्यक्रम लॉनवर गेले, जिथे चार दिवसांनी कुणाचं तरी लग्न असतं. तोच मंडप, तोच डीजे, ताटं तीच.

हा खर्च मोजायला आपल्याकडे धानाचं माप बरं. १९७५-७६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला ७४ रुपये होता. तेव्हाची वर्गणी दोन रुपये धरली तर ती झाली पावणेतीन किलो धान. २०२५-२६ चा हमीभाव २,३६९ रुपये होता, म्हणजे बत्तीस पट. धानाच्या चालीनं वर्गणी वाढली असती तर आज चौसष्ट रुपये पुरले असते. आता वर्गणी, साडी किंवा ब्लेझर, पार्लर आणि जाण्यायेण्याचे मिळून हजारच रुपये धरा. हा फार हात राखून धरलेला आकडा आहे, तरी तो बेचाळीस किलो धान होतो. रोजगार हमीची २०२५-२६ ची महाराष्ट्रातली मजुरी ३१२ रुपये. त्या हिशेबानं तीन दिवसांहून जास्त उन्हातलं काम. आईला 'लाडकी बहीण'चे महिन्याला १,५०० मिळतात, त्यातले दोन-तृतीयांश एका दुपारी संपतात.

वेळही अशी की हातात पैसा नसतो. धान कापून खरेदी केंद्रावर दिलेला असतो, पण त्याचे चुकारे यायचे असतात. कालव्याचं पाणी असेल तिथे उन्हाळी धानाच्या रोवणीला खत, मजूर लागतात. पूर्वी परीक्षा मार्चमध्ये असल्यानं निरोप फेब्रुवारीत होई. २०२५ मध्ये मंडळानं बारावी ११ फेब्रुवारीला आणि दहावी २१ फेब्रुवारीला सुरू केली, तेव्हा सेंडऑफही सरकून जानेवारीत आला. हातात पैसा नसतानाच्या दिवसांत ही मागणी घरात येते आणि पोरगी ती बापाकडे करत नाही, आईकडे करते.

जे आले नाहीत

प्रत्येक वर्गात सेंडऑफच्या दिवशी तीन-चार जण येत नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारलं तर एकाला ताप होता, एकीच्या घरी पाहुणे होते. जुन्या मास्तरांना हे ताप आणि पाहुणे ओळखू येतात. वर्गणी दोन रुपये होती तेव्हाही न भरणारे होते. पण ते गणवेशात येऊन बसू शकत, कारण बाकीचेही गणवेशातच असत. वर्गशिक्षक खिशातून त्यांची वर्गणी भरत आणि कुणाला कळत नसे. आज कुणी वर्गणी भरून देईल, अंगावरचे कपडे कोण भरून देणार? महागाईनं सेंडऑफचं झालेलं खरं नुकसान हे आहे. ज्या पोराला दहा वर्षं शाळेनं एका बाकावर बसवलं, त्याला शेवटच्या दिवशी गरीब ठरवून घरी ठेवलं.

मधे एक वर्ष सगळेच घरी राहिले. २०२० च्या दहावीचा भूगोलाचा पेपर करोनामुळे रद्द झाला. त्या मुलांचा निरोपसमारंभ तरी आधी होऊन गेला होता. २०२१ च्या वर्गाला शाळाच पुरती मिळाली नाही. त्यांची परीक्षा रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के आला. इतके पास झालेले आणि इतके मुकाट्यानं शाळा सोडून गेलेले विद्यार्थी महाराष्ट्रात आधी कधी नव्हते. त्या वर्गाचं घड्याळ कुठल्याच शाळेत नाही. त्यानंतर आलेल्या वर्गांनी दोन वर्षांची कसर भरून काढावी तसे थाट केले.

हा थाट कुठवर जाऊ शकतो ते फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरतेत दिसलं. बारावीची मुलं निरोपसमारंभाला आलिशान मोटारींचा ताफा घेऊन निघाली, त्याची चित्रफीत फिरली आणि पोलिसांना कारवाई करावी लागली. भंडाऱ्यात मोटारींचा ताफा निघणार नाही, पण ती चित्रफीत भंडाऱ्यातल्या दहावीच्या पोरांनीही पाहिलेली असते. ट्रॅक्टर आणि बुलेट तर गावात आहेतच.

परतलेले वर्ग

गंमत अशी की शाळेला भेट द्यायची जुनी रीत मेली नाही. ती तीस वर्षं पुढे सरकली. नव्वदीच्या आसपास दहावी झालेले वर्ग व्हॉट्सअॅपवर एकमेकांना सापडले आणि गावोगाव त्यांचे स्नेहमिलन मेळावे होऊ लागले. पोलीस, मास्तर, ग्रामसेवक, सनफ्लॅग किंवा अशोक लेलँडच्या कारखान्यातले कामगार, पुण्याला स्थायिक झालेले दोन-चार, आणि गावातच शेती करणारे. निवृत्त सरांना शाल-श्रीफळ, एकसारखे टी-शर्ट, जेवण, फोटो. याही कार्यक्रमात मिरवणं आहे, इथेही वर्गणीचा आकडा पाहून न येणारे आहेत. पण बहुतेक मेळाव्यांत शेवटी शाळेला काहीतरी दिलं जातं: पाण्याचं शुद्धीकरण यंत्र, प्रोजेक्टर, बाक, कधी शौचालयाची दुरुस्ती. ज्या वर्गानं सोळाव्या वर्षी पंखा दिला होता, तोच वर्ग पन्नाशीत येऊन इन्व्हर्टर देतो. ज्यांनी पंखाही दिला नव्हता तेही देतात. देण्याची सवय लागायला सोळावं वर्ष चांगलं. पन्नाशीत ती पुन्हा शिकावी लागते.

२०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची साक्षरता ८४ टक्क्यांच्या घरात होती. एका पिढीपूर्वी जिथे मॅट्रिक झालेला माणूस गावात दाखवायला नेत, तिथे आता दहावी झालेली मुलगी घराघरांत आहे. तिचा आनंद व्हावाच, तिनं साडी नेसावी, नाचावं, फोटो काढावेत. चिवडा-बुंदीच्या दिवसांत सगळं चांगलं होतं असंही नाही. त्या जुन्या फोटोंत मुली दोन आणि मुलं अठ्ठावीस आहेत, हे विसरून चालणार नाही. पण आनंद करायला वर्गातलं कुणीतरी घरी बसवावं लागत असेल, तर तो शाळेचा कार्यक्रम राहत नाही.

उपाय अवघड नाहीत आणि त्यांना सरकारी परिपत्रकाचीही गरज नाही. डिसेंबरातच मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीसमोर वर्गणीची कमाल मर्यादा ठरवावी. कार्यक्रम गणवेशात व्हावा, किंवा साडीच नेसायची तर घरातली, नवी नाही, असा नियम वर्गानंच करावा. एकच सामूहिक फोटो निघावा आणि त्याची प्रत वर्गणीतून प्रत्येकाला, न भरणाऱ्यालाही, मिळावी. लॉनचं भाडं वाचवून शाळेच्या पटांगणात बसावं; जानेवारीत ऊनही कोवळं असतं.

आणि यंदाच्या दहावीला एक सांगणं: वर्गणी जमली की डीजेवाल्याला फोन करण्याआधी शाळेला काय लागतं ते शिपाईकाकांना विचारा. त्यांना माहीत असतं. ती वस्तू आधी घ्या, तिच्यावर आपलं साल घाला, आणि उरलेल्या पैशांत सेंडऑफ करा.